बी विंगमधल्या माणसाला दात नाहीत

विन्या,

काल केदारचा फोन आलेला. विचारत होता, आपल्या सिनेमाच्या टायटलमध्ये तुझ्या नावाच्या आधी 'कै.' लावायचं का. मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि फोन आपटला. शिवी खरं तर तुला होती. पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून त्या बिचाऱ्याला बसली.

सगळे मला सांगतायत, मेधा, आता शांत हो, अशाने त्याच्या जीवाला त्रास होतो. होऊ दे की. मला कमी झालाय का? तुझ्याबद्दल चांगलं बोलायला बाकीचे आहेत. ठाण्यात शोकसभा झाली, तिथे तुला 'गुणी कलावंत' म्हणाले, तेही तीन-तीनदा. तू असतास तर मागच्या रांगेतून शिट्टी मारली असतीस आणि लोकांनी तुला माझ्यासकट बाहेर काढलं असतं. मला चांगलं बोलायचंच नाहीये. मला भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट आहे आणि तू मधूनच उठून गेलास.

सुरुवातच बघ. एकांकिका करून करून दोघं थकलो तेव्हा तू म्हणालास, सिनेमा करू, व्हॅम्पायरचा. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे भुतांचा तुटवडा आहे का? मुंजा घे, हडळ घे, वेताळ घे. रक्त पिणारं ते परदेशी ध्यान कशाला? तू हातातली वडापावची पुडी माझ्या नाकासमोर नाचवत म्हणालास, "मुंजाला पिंपळ लागतो, मेधे. दिवा गावात मला एक पिंपळ दाखव. आमच्या शेतावर बिल्डिंगी उभ्या आहेत सगळ्या. इथे भूत यायचं म्हटलं तर त्याला भाड्यानेच राहायला लागणार, आणि डिपॉझिट भरायला लागणार."

तिथे मी फसले. तिथेच मला गोष्ट दिसली. दिव्यातली एक इमारत. बी विंगमध्ये एक माणूस भाड्याने राहायला येतो. दिवसभर झोपतो, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवतो, उन्हात पाऊल टाकत नाही, चेहरा पांढराफटक. बिल्डिंगमधली मांजरं दिसेनाशी होतात. मग कुजबुज सुरू होते की हा रक्त पितो. पितो की नाही, ते आपण शेवटपर्यंत सांगायचं नाही असं ठरलेलं. तू ठरवलेलंस. नीट आठव.

शूटिंग तुमच्याच बिल्डिंगमध्ये, तुमच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या. तुझ्या आईने आपल्यासाठी रक्त शिजवलं. कोकमाचं आगळ, गुळाचा पाक आणि वर रंग. गॅससमोर उभी राहून ढवळत होती आणि मला विचारत होती, "दाट करू का गो अजून?" सकाळी बघतो तर पातेल्याला मुंग्यांची रांग. आई ओरडली, "विन्या, तुज्या रगताला मुंग्या लागल्या बघ!" तू चमचा भरून चाखलंस आणि म्हणालास, मीठ कमी आहे.

आणि टँकर आला तो दिवस! तुझा क्लोजअप लावलेला, मी 'ॲक्शन' म्हणणार, तेवढ्यात खालून हाक आली, "पाणी आलं!" सगळं युनिट पळालं, तूही पळालास. डोळ्यांखाली काळं, ओठांच्या कडेला कोकम, भर उन्हात टँकरचा पाइप धरून उभा. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनकाकू गॅलरीतून ओरडल्या, "आधी पाणी भर रे बाबा, रक्त मग पी!" मी इतकी हसले होते त्या दिवशी. आता त्या हसण्याचाही राग येतो. कारण तू पाइप सोडून मध्येच भिंतीला टेकलास, आणि मला म्हणालास, ऊन लागलं.

ऊन लागलं! किती खोटं बोललास, विन्या.

मेकअप मीच करत होते. आपल्याकडे वेगळा माणूस होता कुठे? पहिल्याच दिवशी तुझ्या तोंडाला पांढरं लावायला घेतलं आणि बघितलं तर लावायची गरजच नाही. दंडावर निळेजांभळे डाग होते. मी विचारलं. तोंडावर विचारलं तुला, "हे काय झालंय?" तर म्हणालास, "जिन्यात आपटलो. राहू दे, कॅरेक्टरला शोभतंय." मी परत विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का. "दाखवलं गं. ब जीवनसत्त्व कमी आहे म्हणाला." ब जीवनसत्त्व! तुझ्या शरीरात रक्त बनायचंच बंद झालेलं आणि तू मला जीवनसत्त्व सांगत होतास. दर थोड्या दिवसांनी कल्याणच्या हॉस्पिटलात एकटा जाऊन रक्त चढवून यायचास आणि आम्हाला सांगायचास, ऑफिसचं ऑडिट आहे. केदार तुझ्या ऑफिसला शिव्या घालायचा. तू पण त्याच्या जोडीने घालायचास, चवीने.

दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्या माणसाचं काम करत होतास आणि ते खरंच होतं. आणि मी मॉनिटरसमोर बसून म्हणत होते, वा, काय पडलाय चेहरा, अजून थोडा पाड. मला हे म्हणायला लावलंस तू. याचा मला जेवढा राग आहे तेवढा कशाचाच नाही.

सांगितलं असतंस तर मी शूट बंद केलं असतं. हो, केलं असतं, त्याच दिवशी पॅकअप. तेच तुला नको होतं, कळतंय मला. पण हे परस्पर ठरवणारा तू कोण रे? सिनेमा दोघांचा होता ना? मग माझ्या वाटणीचं मला ठरवू द्यायला काय झालेलं तुला?

आता शेवटच्या सीनवर ये. टाळू नकोस.

बिल्डिंगवाले त्याला हाकलून देतात. तो बॅग घेऊन जिना उतरतो. दुसऱ्या मजल्यावर सुमनकाकूंचं दार उघडं असतं. तो थांबून बघतो, काकू घाबरून धाडकन दार लावतात, अंधार, सिनेमा संपला. कागदावर असं होतं, तुझ्याच अक्षरात. दुपारीच खिडक्या झाकून आपण जिन्यात रात्र केली. काकूंना दहा वेळा समजावलं की घाबरायचं आणि दार लावायचं, एवढंच. काकूंनी जन्मात कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवलेलं नाही, पण दार लावता येतं की माणसाला.

तू उतरलास. थांबलास. आणि दारासमोर उभा राहून, स्क्रिप्टमध्ये नसताना, हळूच म्हणालास, "काकू, येतो."

आणि काकू पटकन म्हणाल्या, "ये हो. सावकाश जा, जिन्यात लाइट नाहीये."

मी कट म्हणून किंचाळले. "काकू, तुम्ही घाबरायचं होतं! दार लावायचं होतं!" काकू ओशाळल्या, पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "अगं, पण तो येतो म्हणाला ना. मग काय त्याच्या तोंडावर दार लावू?"

तू हसत सुटलास. हसता हसता पायरीवर बसलास. म्हणालास, "मेधे, हाच शेवट." मी म्हटलं, डोकं फिरलंय का? दीड तास लोकांना घाबरवायचं आणि शेवटी काकू म्हणणार सावकाश जा? अख्ख्या सिनेमाची हवा जाईल. तू म्हणालास, "जाणारा माणूस 'जातो' म्हणतो का कधी? 'येतो'च म्हणतो. रक्त पीत असला म्हणून काय झालं, बी विंगमध्ये राहिलाय ना?" मी म्हटलं, ऊठ, दुसरा टेक. तू म्हणालास, "माझ्याने होत नाही गं आता."

मला वाटलं, हट्ट करतोय. काय वाटणार दुसरं? जन्मभर तेच केलंस. थकून बसलेला माणूस आणि हट्ट करून बसलेला माणूस यातला फरक मला कळू नये, इतकी बेमालूम ॲक्टिंग तू त्या पायरीवर केलीस. सिनेमात इतकी चांगली कुठेच केलेली नाहीस, आता बघतेच आहे ना रोज. दुसरा टेक झालाच नाही. मी तुला नाही नाही ते बोलले, तू हसत ऐकलंस.

एडिटला बसले तेव्हा तुझं तोंड उघडायच्या आत शॉट कापला. डोंबिवलीला माझ्या घरी येऊन तू रोज तेच सुरू करायचास. "काकूंचं वाक्य ठेव." मी म्हणायचे, नाही. "बरं, माझं तरी ठेव." नाही. माझी आई पोहे घेऊन यायची आणि म्हणायची, तुम्ही दोघं लग्न तरी करा नाहीतर भांडण तरी सोडा. तू पोहे खायचास आणि परत पहिल्यापासून सुरू करायचास. एकदाही म्हणाला नाहीस की मेधे, मला हे का हवंय. एवढी बडबड केलीस, ते एक वाक्य नाही सुचलं?

मग तुझी ती भन्नाट आयडिया. सिनेमाची जाहिरात. बंद दाराचा फोटो आणि खाली, 'तातडीने रक्त हवे आहे. कोणताही गट चालेल. कळवल्यास स्वतः येऊन घेऊन जाईन. – बी विंगमधला माणूस.' मी नको म्हटलेलं. स्पष्ट म्हटलेलं, विन्या, रक्ताची चेष्टा नको, लोक खरंच मागत असतात. तू म्हणालास, "हसतील गं लोक. हसले की बघायला येतील." केदार तुझ्या बाजूने. दोन विरुद्ध एक. मेसेज सुटला आणि दिव्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत एक ग्रुप राहिला नाही. माझ्या दूरच्या मावशीने मलाच पाठवला. लोक पोट धरून हसले.

आज मी तो मेसेज उघडून बसते आणि मला कळतच नाही की तू तो लिहिताना चेष्टा करत होतास की मागत होतास. हे एकदा येऊन सांगून जा. मग पाहिजे तर परत जा.

कारण पुढे काय झालं ते तुला माहीत नाही. तू ग्लानीत होतास. तुला ताप चढला, तुझ्या आईने आम्हाला बोलावलं, आणि हॉस्पिटलात पोचल्यावर तुझी सगळी ऑडिटं बाहेर आली. तुझा गट पटकन मिळणारा नव्हता. साठा संपलेला. केदारने सगळीकडे मेसेज टाकला, 'विनायकला रक्ताची तातडीने गरज आहे.' खाली गट, हॉस्पिटल, नंबर.

लोक हसले, विन्या.

हसऱ्या तोंडांच्या रांगा आल्या. 'कोणताही गट चालतो ना?' 'ये आणि घेऊन जा!' 'ट्रेलर कधी येतोय?' तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर एकाने स्वतःच्या मानेचा फोटो टाकला. मी एकेकाला फोन लावायला लागले. "अहो, खरंच सांगतेय, तो ॲडमिट आहे." पलीकडून आवाज, "मस्त करतेस ॲक्टिंग! तूच हिरॉइन का?" मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभी राहून रडत होते, आणि जितकी जास्त रडत होते तितकं लोकांना ते जास्त भारी वाटत होतं. असली वेळ मी वैऱ्यावर आणली नसती. तू माझ्यावर आणलीस.

शेवटी आंबिवलीहून एक माणूस आला. चाळिशीचा, अंगात दुकानाचा मळका शर्ट. तो कुठल्या ग्रुपवरच नव्हता, कोणीतरी कोणाला सांगताना त्याने ऐकलं. मी त्याला पहिल्या वाक्यालाच म्हटलं, "हे सिनेमाचं नाहीये हो." तो बावरला. "कुठला सिनेमा?" म्हणाला. मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले होते.

डॉक्टर म्हणाले, उशिरामुळे काही झालं नाही, जंतूंनी आधीच आत घर केलेलं. खरं असेल. मला समजावायलाही म्हणाले असतील. मी कोणावर चिडू ते तरी सांग. हसणाऱ्यांवर चिडले, तर त्यांना हसायला तूच शिकवलेलंस.

रक्त चढल्यावर तू जरा जागा झालास. मला वाटलं, आता माफी मागेल. तर पहिलं वाक्य काय? "काकूंचं ठेवलंस का?" मी म्हटलं, "गप पड. बरा हो, मग भांडू." तू म्हणालास, "मग म्हणजे कधी?" मी तुझी चादर सारखी केली. मग तू डोळे मिटून म्हणालास, "त्याला कोणीतरी 'ये' म्हणायला पाहिजे, मेधे. अख्ख्या बिल्डिंगमधल्या एकाने तरी." नर्सने मला बाहेर काढलं. त्यानंतर तू माझ्याशी बोललाच नाहीस.

आणि मग केदार म्हणाला, कॉम्प्युटरवर तुला दात लावू. सिनेमा घेणारे त्याला म्हणाले, शेवटी नक्की काय ते कळलं पाहिजे, दोन क्षण दात दाखवा, मग घेतो. आणि तुझ्यासाठी रक्त मागितलेला खरा मेसेज ट्रेलरमध्ये टाकू म्हणतात. लोक हलतील. केदारला वाईट समजू नकोस, हे सांगताना तो ढसाढसा रडत होता. तू गेल्यापासून त्याला एवढंच कळतं की तुझा सिनेमा लोकांनी बघितला पाहिजे, कसाही. खरं सांगू? रागाच्या भरात मला क्षणभर वाटलं, लावून टाकू दात. चांगले लांब, टोकदार. तुझी खोड मोडेल.

पण परवा तुझ्या घरी गेलेले.

घर बायकांनी भरलेलं. तुझी मावशी, आत्या, सुमनकाकू. तुझी आई माझा हात धरून बसली. मी विचारलं, जेवलात का. म्हणाली, "त्याला एवढा त्रास व्हता, नि मना पन नाय बोलला गो. मी हिते रगत शिजवत व्हते, नि त्यो उभा राहून हसत व्हता." मग उठली, फ्रीज उघडला आणि बाटली दाखवली. आपलं उरलेलं कोकम. "फेकवत नाय," म्हणाली. त्या बाटलीकडे बघून मला तुला बदडून काढावंसं वाटलं. आईला सांगायला काय जात होतं तुझं?

निघायची वेळ झाली. दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, हे मला घरी लहानपणापासून बजावलेलं. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या, निघायचं. मी तसंच केलं. दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होते, तोच आतून आईचा आवाज आला, "काय गो, काय बोलली नाय?"

मी म्हटलं, "बोलायचं नसतं ना, आई."

"म्हाईत हाय मना." ती दारापर्यंत आली. "सुमन सांगत व्हती. माजा पोर जाताना 'येतो' बोलला, नि तू ते कापलंस."

सुमनकाकू भिंतीकडे बघायला लागल्या. मी काय सांगणार होते त्या माउलीला? सस्पेन्स जातो म्हणून? सिनेमाची हवा जाते म्हणून?

"कापू नको गो," आई म्हणाली. बस, एवढंच.

मला असं भरून आलं आणि असा संताप आला तुझा, की मी त्या सगळ्या बायकांच्या देखत, मोठ्याने म्हटलं, "येते, आई." तुझी आत्या च् च् करायला लागली. कोणीतरी "अगं, नाही म्हणायचं" म्हणालं. आईने तिकडे बघितलंही नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ये."

घरी आले, हातपाय न धुता मशीनसमोर बसले आणि तुकडा परत जोडला. तू थांबतोस. "काकू, येतो." काकू म्हणतात, "ये हो. सावकाश जा, जिन्यात लाइट नाहीये." तू खाली उतरत जातोस, दार उघडंच राहतं. मी कितीतरी वेळा बघितलं. सस्पेन्स जात नाही, विन्या. माणूस कोण होता ते अजूनही कळत नाही, पण तो निघून जाऊ नये असं मात्र वाटायला लागतं. केदारला बोलावून दाखवलं. त्याने मान हलवली आणि दातांचं काय ते मी बघतो म्हणाला. ते लोक सिनेमा घेणार नसतील तर खड्ड्यात जाऊ देत. तो रक्ताचा मेसेज कुठल्याही ट्रेलरमध्ये जाणार नाही. आणि तुझ्या नावाआधी 'कै.' लागणार नाही, हे मी त्याला निक्षून सांगितलंय.

तर जिंकलास. आनंद झाला? जिंकल्यावर माझ्यासमोर बसून दात काढायची तुझी सवय होती, ती मोडलीस. मी कोणाला म्हणू की हो बाबा, तुझंच बरोबर होतं? एवढं एक वाक्य तुला ऐकवण्यासाठी मी इतकी वर्षं अडून बसलेले का?

'येतो' म्हणून गेलास ना? आपल्यात असं म्हणून गेलेल्या माणसाला यावं लागतं. काकूंनी 'ये' म्हटलंय. आईने परवा मला म्हटलं ते कोणाला म्हटलं, ते तुला कळलं असेल. आता मीही म्हणतेय. जिन्यातला बल्ब सुमनकाकूंनी स्वतः बदलून घेतलाय, लख्ख उजेड आहे.

ये ना मग, नालायका.